आधी तारा पळू द्या

‘गायडिंगचा आलेख सारखा उड्या मारतोय, अ‍ॅग्रेसिव्हनेस किती ठेवू?’ हे मला इतक्यांनी विचारलंय, की एकदा नीट लिहूनच टाकते. गायडिंग म्हणजे आकाशाचे फोटो काढताना दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्यानं एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण जागेवर धरून ठेवणं; आणि तारा सरकला की सॉफ्टवेअरनं दुरुस्ती किती जोरात करायची, तो आकडा म्हणजे अ‍ॅग्रेसिव्हनेस. आकड्याचं नंतर बघू. आधी करेक्शन, म्हणजे ही दुरुस्तीच, बंद करा.

करेक्शन चालू असताना आलेखात माउंटचा (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा) दोष आणि सॉफ्टवेअरनं दिलेले धक्के यांची सरमिसळ झालेली असते. मूळ दुखणं त्यात दिसतच नाही. म्हणून ट्रॅकिंग (ताऱ्यांच्या गतीनं माउंटचं फिरणं) चालू ठेवून वीसेक मिनिटं नुसता तारा बघा. ‘पीएचडी टू’ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमधला गायडिंग असिस्टंट हेच काम करतो.

तारा क्रांतीत (आकाशातल्या उत्तर-दक्षिण दिशेत) एकाच दिशेला सावकाश सरकत गेला, तर आकाशाच्या ध्रुवाशी माउंटचा अक्ष नीट जुळलेला नाही. सगळं सोडून आधी ते करा. विषुवांशात (पूर्व-पश्चिम दिशेत) तीच लाट ठरावीक वेळानं परत आली, तर ती वर्म गिअरची, म्हणजे माउंटचं दातेरी चाक फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरची. १८० दातांच्या चाकावर वर्मची एक फेरी साधारण ४७९ सेकंदांत होते, म्हणजे आठ मिनिटांना जरा कमी. पाच मिनिटांत उठलात तर लाट पुरती दिसणारही नाही. आणि तारा प्रत्येक एक्स्पोजरला इकडेतिकडे थरथरत असेल, तर ती वातावरणाची अस्थिरता. बहुतेक जण फसतात ते इथेच. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर ठेवून ते बिचाऱ्या माउंटला हवेच्या मागे पळवतात. एक्स्पोजर दोन-तीन सेकंद ठेवलं, की ही थरथर बरीचशी सरासरीत विरून जाते.

अचानक येणारी उडी मात्र वेगळी. मला तिनं एक अख्खा हिवाळा छळलं. मध्यरात्रीनंतर कधीतरी क्रांतीची रेघ सुळकन वर जायची, मग पुन्हा शांत. मी बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली सैल जागा) समजून गिअर आवळले, सेटिंग्ज बदलली, काही फरक नाही. शेवटी एका रात्री स्क्रीन सोडून लाल टॉर्च घेऊन माउंटशेजारीच उभी राहिले. कॅमेऱ्याची यूएसबी केबल थंडीनं कडक झाली होती. दुर्बीण वळत गेली तशी केबल क्लचच्या दांडीला टेकली, हळूहळू ताणली गेली आणि टक्‌कन सुटली. रेघ त्याच क्षणी वर गेली. वेल्क्रोच्या पट्टीनं केबल दुर्बिणीच्या पाठीवर बांधली, आणि ती उडी परत कधी आली नाही. तेव्हापासून प्रत्येक रात्री सुरुवातीलाच दुर्बीण हातानं पूर्ण फिरवून केबल कुठे अडते ते बघते.

उलटा प्रश्नही येतो: आलेख सपाट आहे, मग तारे लांबट का? आधी मोजमाप बघा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५०० मिमी फोकल लेंग्थ म्हणजे एका पिक्सेलला सुमारे १.५५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), तिथे ०.८ आर्कसेकंद आरएमएसनं (गायडिंगच्या सरासरी चुकीनं) फोटो बिघडत नाही. तरीही तारे लांबट असतील आणि ध्रुवजुळणी चोख असेल, तर डिदरिंग (फ्रेमांच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम जराशी सरकवणं) बंद करून तासाभराच्या पहिल्या-शेवटच्या फ्रेम एकावर एक ठेवा. सगळे तारे एकाच दिशेला सरकलेले दिसले, तर गायडस्कोप (गायडिंगची छोटी दुर्बीण) आणि मुख्य दुर्बीण एकसारख्या वाकत नाहीयेत. गायडर आपला तारा इमानदारीनं धरून बसलाय, पण मुख्य दुर्बीण दुसरीकडेच निघालीय. रिंगांचे स्क्रू आणि फोकसर तपासा. लांब फोकल लेंग्थला मी सरळ ऑफ-अ‍ॅक्सिस गायडरच लावते, म्हणजे गायडिंगचा ताराही मुख्य दुर्बिणीतूनच धरला जातो.