फिरकीचा तांब्या

नांदेडच्या त्या हॉटेलात दुपारी साडेतीन वाजता मी भिंतीवरच्या टीव्हीला गाल टेकवून उभा होतो. शाखेची लिंक गेल्यामुळे तपासणीचे काम लवकर थांबले होते, मे महिन्याच्या उन्हामुळे बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि माझा उजवा हात टीव्ही व भिंत यांच्यामधल्या फटीत मनगटापर्यंत शिरून यूएसबीचे तोंड चाचपडत होता. या कामात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. बोटांना आधी केबलची गोल पिन लागते, मग एचडीएमआयची चपटी खाच, मग धूळ, मग आणखी धूळ, आणि अगदी शेवटी हवे ते सापडते. त्यात पेनड्राइव्ह पहिल्या प्रयत्नात सरळ बसला, असे माझ्या इतक्या वर्षांच्या फिरतीत एकदाही घडलेले नाही.

गंमत अशी की, हे सारे मी घरी कधीच पाहत नाही. घरी एक टीबीची हार्ड डिस्क कपाटात, विम्याच्या कागदांच्या शेजारी, पडून असते. घरचा टीव्ही संध्याकाळी मालिकांचा आणि रात्री मुलाच्या सामन्यांचा असतो, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. फिरतीवर निघण्याच्या आदल्या रात्री मात्र मी ती डिस्क बाहेर काढतो आणि प्रवासाला शिदोरी बांधावी तसे तिच्यातले थोडेथोडे पेनड्राइव्हवर भरतो. काही नाटके असतात. एकेकाळी व्हीसीडीवर विकत घेतलेली, एकेक नाटक दोन-तीन तबकड्यांत विभागलेले. त्या चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ एवढेच ठिपके असतात, त्यामुळे हॉटेलच्या ४३ इंची पडद्यावर नायकाला नाक आहे हे श्रद्धेने मानून घ्यावे लागते. शिवाय १९८९ साली झालेल्या धाकट्या भावाच्या मुंजीची व्हीएचएस टेप आहे, जी मी पुढे संगणकावर उतरवून घेतली. तिचा आवाज केव्हाच गेला आहे आणि भटजींच्या चेहऱ्यावरून अधूनमधून पांढऱ्या रेघा सरकतात.

“बाबा, हल्ली सगळं नेटवर असतं,” असे मुलगा म्हणतो. त्याच्या काकाची मुंज नेटवर नाही, एवढेच माझे उत्तर असते, आणि ते त्याला पटत नाही.

हॉटेलातल्या टीव्हीला पाहुण्याने काही स्वतःचे लावणे मनापासून मान्य नसते. खोलीत जो रिमोट ठेवलेला असतो तो सेट-टॉप बॉक्सचा. त्याचे मागचे झाकण हरवलेले असते आणि सेल चिकटपट्टीने बांधलेले असतात. टीव्हीचा खरा रिमोट व्यवस्थापकाच्या खणात असतो आणि तो मागितला की समोरचा माणूस, आपण जणू तिजोरीची किल्ली मागितली असावी, अशा नजरेने पाहतो. तो मिळाला तरी लढाई संपत नाही, कारण अशा टीव्हींत हॉटेल मोड नावाची सोय असते, जिच्यामुळे आवाजाची कमाल मर्यादा आणि सुरुवातीचे चॅनल ठरवून कुलूपबंद करता येते. सोर्सचे बटणही मुके करता येते. एकदा सोलापुरात एका मेकॅनिकने मला सांगितले की, एका खोलीतल्या टीव्हीची ही सारी मांडणी ते पेनड्राइव्हवर उतरवून घेतात आणि मग तोच पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक खोलीत फिरतात. म्हणजे ज्या भोकात मी माझे घर घालू पाहतो, त्याच भोकातून हॉटेल आपले नियम घालून गेलेले असते. हे कळल्यापासून त्या टीव्हीबद्दल मला थोडी सहानुभूती वाटू लागली.

बाकीची विघ्ने नित्याची आहेत. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने तयार केला तर जवळपास प्रत्येक टीव्ही त्याला ओळखतो, पण त्यावर चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. दुसऱ्या पद्धतीने केला तर मोठी फाइल मावते, पण जुना टीव्ही त्याला ओळख दाखवत नाही. देवनागरीत दिलेली नावे पडद्यावर चौकोनांच्या ओळी होऊन उभी राहतात, त्यामुळे मी आता फाइलींना नुसते आकडे देतो आणि कोणत्या आकड्याला कोणते नाटक हे डायरीत लिहून ठेवतो. कधी चित्र सुंदर येते आणि आवाजच येत नाही, कारण त्या जातीचा आवाज त्या टीव्हीला कळत नाही. मुंजीच्या टेपला एवढा एक फायदा आहे की, तिच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही.

एका सहकाऱ्याने मला टीव्हीला लावायची स्टिक घेण्याचा सल्ला दिला, तोही मी मानून पाहिला. हॉटेलचे वायफाय खोली क्रमांक आणि आडनाव विचारणारे एक पान उघडते, ते पान काही त्या स्टिकवर उघडत नाही, आणि शेवटी आपल्याच मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन आपण आपल्याच डेटावर पडतो. मी पेनड्राइव्हकडे परत आलो.

माझ्या आठवणीतला हॉटेलातला पहिला टीव्ही महाबळेश्वरचा. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते आणि पाटीवर ‘गरम पाणी, रंगीत टीव्ही, व्हिडिओ’ असे लिहिलेले होते. त्यातल्या व्हिडिओचा अर्थ असा होता की, मालक गल्ल्याच्या मागे व्हीसीआर घेऊन बसत असे आणि तो जी कॅसेट लावील ती सगळ्या खोल्यांत दिसत असे. विनोदाच्या जागी शेजारच्या खोलीतले हसू भिंतीतून आमच्याकडे येई आणि आमचे बहुधा तिकडे जात असावे. वडिलांनी एकदा खाली जाऊन, मुलगी न्हाणीघरात होती म्हणून गाणे चुकले, तेवढे पुन्हा दाखवाल का, असे विचारले होते. आणि त्या भल्या माणसाने खरोखरच कॅसेट मागे घेतली होती. अठरा खोल्यांनी ते गाणे दोनदा पाहिले. एकाचीही तक्रार आली नाही.

पण पेनड्राइव्ह खिशात टाकताना मला महाबळेश्वर आठवत नाही. मला आजोबांचा फिरकीचा तांब्या आठवतो.

आजोबा मिरजेहून लातूरला आत्याकडे जात, ते बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीने. एकदा, मी आठ वर्षांचा असताना, त्यांनी मला बरोबर नेले. ती गाडी एवढ्या सावकाश चाले की, खिडकीतले एकच बाभळीचे झाड मला नीट पाठ होत असे. आजोबांजवळ एक होल्डॉल, दशम्यांचे फडके आणि तो पितळी तांब्या एवढेच सामान होते. तांब्यात घरच्या आडाचे पाणी भरलेले असे आणि त्याची फिरकी ते स्वतःच्या हाताने आवळत. दुसऱ्या कोणी आवळली तर उघडून पुन्हा आवळत. परगावचे पाणी बाधते, यावर त्यांची श्रद्धा इतकी दृढ होती की, कोणी मोठ्या आग्रहाने पेला पुढे केला तरी ते हात जोडून नको म्हणत.

पंढरपूर मागे पडले तेव्हा तांब्या रिकामा झाला होता. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. आजोबा खाली उतरले, फलाटावरच्या नळावर त्यांनी तांब्या विसळला, भरला, फिरकी आवळली आणि वर येऊन बसले. पुढे बार्शीच्या अलीकडे मला तहान लागली आणि मी समोरच्या बाईंनी देऊ केलेल्या सुरईकडे हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो मागे घ्यायला लावला. “घरचं पाणी आहे ना आपल्याकडे,” असे ते म्हणाले, आणि त्यांनी तांब्याच्या झाकणात कुर्डुवाडीच्या नळाचे पाणी मला ओतून दिले. ते थट्टा करत नव्हते. मीही ते घरचे म्हणूनच प्यालो, आणि मला आठवते त्याप्रमाणे त्याला पितळेची तीच चव होती.

नांदेडला त्या दुपारी पेनड्राइव्ह बसला, टीव्हीने त्याला ओळखले, आणि मी डायरी उघडून सात क्रमांकाचे नाटक लावले. ते मी पाहिले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दार उघडल्याचा एक आवाज आहे, तो ऐकू आला की मला झोप लागते. तशी ती लागली. जागा झालो तेव्हा सात संपून आपोआप आठ, म्हणजे मुंज, सुरू झाली होती आणि खोलीत मातृभोजन चालले होते. आता ती खोली मला परकी वाटत नव्हती. चहा मागवून मी उरलेली मुंज पाहिली, दुसऱ्या दिवशी काम संपवले, आणि पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीमागे तसाच विसरून रात्रीच्या गाडीने परतलो.

चार दिवसांनी त्या हॉटेलातून फोन आला. खोली आवरणारा मुलगा बोलत होता. रजिस्टरमधून त्याने माझा नंबर काढला होता. “सर, तुमचा पेनड्राइव्ह राहिलाय. कुणाचा आहे ते बघायला लावला होता, राग मानू नका,” असे तो म्हणाला. मी राग मानला नाही. कुरिअरचा पत्ता सांगून झाल्यावर तो जरा घुटमळला. मग त्याने विचारले, “सर, त्या मुंजीत एक पांढऱ्या टोपीचे आजोबा आहेत बघा. सगळे हसायलेत, जेवायलेत, आणि ते एकटेच भिंतीकडं तोंड करून बसलेत. ते का रुसले होते?”

ही मुंज मी कोल्हापूर, जळगाव, अकोला, परभणी, कुठे कुठे पाहिली आहे. भिंतीकडे तोंड करून बसलेले कोणी माझ्या कधी लक्षात आले नव्हते. त्या रात्री कपाटातली डिस्क काढली आणि घरच्या टीव्हीवर, सामना मध्येच बंद करवून, पाहिले. होते. चांगली दोन मिनिटे ते तसेच बसलेले दिसतात; आई एकदा वाकून त्यांना काही सांगते आणि परत जाते. काय सांगते ते ऐकू येत नाही. आजोबा नाहीत, आता आईवडीलही नाहीत, आणि भावाला विचारले तर त्याला स्वतःच्या मुंजीतला फक्त वस्तरा आठवतो.

फोनवर मात्र तो मुलगा उत्तराची वाट पाहत होता, म्हणून मी त्याला सांगितले होते की, तांब्या घरी विसरला असेल. तो “बरं सर” म्हणाला, आणि कुरिअरचे पैसे कोणी द्यायचे ते त्याने विचारले.