केलीचा वारा

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची सपाट स्टेज (एका दिवसाचा टप्पा) म्हणजे चार-पाच तास जवळजवळ काहीच न घडणं. तेवढा वेळ बोलत राहायचं, ही खरी कसोटी. फिल लिगेट आणि पॉल शेरवेन हे टीव्ही कॉमेंटेटर ती वाड्या-किल्ल्यांच्या गोष्टींवर निभावून न्यायचे. शेरवेन 2018 मध्ये गेले, पण सूर्यफुलांचं शेत दिसलं की अजून त्यांचाच आवाज आठवतो.

माझा जीव मात्र शॉन केलीवर. सात वेळा पॅरिस-नीस शर्यत जिंकलेला हा आयरिश गडी युरोस्पोर्टवर मोजकंच बोलायचा. वारा बाजूने आहे, वळणानंतर घोळका फुटेल. आणि फुटायचा की!

आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास शेवटचा स्प्रिंट. जोडीचा कॉमेंटेटर किंचाळायला लागला की आई स्वयंपाकघरातून विचारते, "कोण पडलं रे?"