काम झाल्यावर तिथे राहणार कोण?

ऊन-पुराला तोंड द्यायला शहर जो हवामानाचा आराखडा करतं तो कुठलाही असो, मी आता आधी नकाशा उघडते, किती पैसे आणि किती झाडं ते नंतर, आधी बघायचं की झाडं लागणार कुठे आणि आज तिथे राहतंय कोण.

ही सवय मला शिकागोमुळे लागली. १९९५ च्या जुलैत तिथे उष्णतेची लाट आली आणि काही दिवसांत सातशेच्या वर माणसं गेली. त्यात एकेकटी राहणारी म्हातारी माणसं खूप होती. छोटीशी खोली, चोरीच्या भीतीने खिडक्या बंद, काहींनी तर खिळे ठोकून बंद केलेल्या, एसी नाही किंवा असला तरी बिलाच्या धास्तीने लावायचा नाही, आणि दार वाजवून ‘बरं आहे ना?’ विचारणारं कुणी नाही. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल हे तिथले शेजारशेजारचे दोन भाग, गरिबी दोन्हीकडे, एकटे म्हातारे दोन्हीकडे, तरी नॉर्थमधला मृत्यूदर साउथच्या जवळपास दहापट! साउथमध्ये रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं चार पावलं चालून गार दुकानात जाऊन बसू शकत होती, नॉर्थमधल्या गल्ल्या ओस पडल्या होत्या. म्हणजे ऊन सगळ्यांना सारखंच होतं पण घराबाहेर पडायची सोय सारखी नव्हती. हे वाचल्यापासून ‘निसर्गापुढे सगळे समान’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

आणि ओस गल्ल्या काही आपोआप होत नाहीत. अमेरिकेत १९३० च्या दशकात नकाशावर काही वस्त्यांभोवती लाल रंग भरला गेला, तिथे कर्ज द्यायचं नाही म्हणून, आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या भरपूर होत्या. २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास आला, त्यातल्या ९४ टक्के शहरांमध्ये हे लाल भाग आजही जास्त तापतात, काही ठिकाणी फरक ७ अंशांपर्यंत. नव्वद वर्षांपूर्वीची रेघ आणि आजचा घाम! झाडं कमी, डांबर जास्त, मधूनच हायवे गेलेला.

पण मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो उपायांच्या नावाखाली जे होतं त्याचा. इंडोनेशियातल्या जकार्तात पूर येतो म्हणून चिलिवुंग नदी रुंद करायची ठरली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये काम्पुंग पुलो ही नदीकाठची वस्ती पोलीस बंदोबस्तात पाडली. लोकांना इमारतीत फ्लॅट दिले, पण भाड्याचे. पूर कमी व्हावा हे त्या लोकांनाही हवंच होतं ना, पाणी त्यांच्याच घरात शिरायचं! पण खाली दारातच टपरी मांडणारा माणूस वरच्या मजल्यावर गेला की गिऱ्हाईक तुटतं, आणि भाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं. कमाई गेली, खर्च वाढला, आणि कागदावर ती व्यक्ती ‘सुरक्षित स्थळी पुनर्वसित’.

दुसरा प्रकार जरा हळू चालतो. बाग होते, नाला साफ होतो, हवा गार होते, मग घरमालक भाडं वाढवतो आणि ज्यांनी वीस वर्षं घाण पाणी सोसलं तेच निघून जातात. यात कुणाला बुलडोझर दिसत नाही म्हणून त्याची बातमीही होत नाही. माझ्या मते बागेचं टेंडर निघायच्या आधीच भाडेकरूंना संरक्षण मिळायला हवं, नंतर काही उपयोग नाही.

चांगलं काम होतच नाही असं नाही. कोलंबियातल्या मेडेयीनने २०१६ पासून रस्ते आणि नाल्यांच्या कडेने ३० हिरवे पट्टे केले, तिथलं तापमान साधारण २ अंशांनी उतरलं. मला त्यातलं आवडलेलं म्हणजे झाडं सांभाळायला गरीब घरांतल्या लोकांना माळीकाम शिकवून कामावर घेतलं. म्हणजे सावलीबरोबर पगारही आला, आणि पगार असला की वाढलेलं भाडं आलं तरी माणूस थोडा टिकून राहू शकतो.