बस एक वाजताच येऊन गेली होती

न्यू जर्सीत नोव्हेंबरात चार वाजले की उन्हं पार कलतात, आणि त्या दिवशी वाराही होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, नेहमीप्रमाणे साडेतीनला कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. हातात नातवाची लोकरीची टोपी, सकाळी घाईत घरीच राहिलेली. पावणेचार झाले, चार वाजले, बस नाही. शेजारपाजारच्या एरवी दिसणाऱ्या आयाही कुठे दिसेनात. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, ड्यूटीवर असताना फोन लॉकरमध्ये असतो. चार वाजून दहा मिनिटांनी लॉकर उघडला, तर आईंचे सात आणि शाळेच्या ऑफिसचे तीन मिस्ड कॉल.

बस एक वाजताच येऊन गेली होती. पालकसभांसाठी त्या आठवड्यात शाळा लवकर सुटत होती. लेक किंडरगार्टनमध्ये होता, आणि स्टॉपवर घरचं मोठं माणूस नसेल तर इतक्या लहान मुलाला आमच्याकडे उतरवत नाहीत. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे त्याला परत शाळेत नेऊन सोडलं. मी पोचले तेव्हा तो ऑफिसमधल्या खुर्चीवर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून, दप्तर मांडीवर धरून बसला होता. तीन तासांपेक्षा जास्त वेळ तो तसाच बसला असणार. आई त्या रात्री जेवल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही गं."

आता खरं सांगायचं तर डिस्ट्रिक्टने, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, सांगितलं होतं. त्या रात्री बसून मी सगळं शोधून काढलं. अकरा दिवस आधी ईमेल आला होता. पेरेंट पोर्टलच्या कॅलेंडरवर त्या चौकटीत एक छोटा ठिपका होता. दप्तराच्या मागच्या कप्प्यात एक पिवळा कागद चौघडी होऊन बसला होता. ईमेलचा विषय होता 'नोव्हेंबरचे अपडेट्स'. सुरुवातीला सुपरिंटेंडेंटचं, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाचं, स्वागतपर पत्र, मग बँडची मैफल, मग गरजूंसाठी कोट गोळा करण्याचं आवाहन, आणि सहाव्या परिच्छेदात एक वाक्य: या तारखांना 'सिंगल सेशन' वेळापत्रक राहील. वेळ दिलेली नव्हती. तो ईमेल मी वाचला होता! पण सिंगल सेशन म्हणजे शाळा जेवणाच्या सुमारास सुटते, हे या देशात शाळा न शिकलेल्या माणसाला कसं कळावं?

बर्फाच्या दिवशी मात्र हीच मंडळी किती नेमकं सांगतात. पहाटे साडेपाचला फोन वाजतो, दोन वाक्यांचा निरोप: आज सगळ्या शाळा दोन तास उशिरा उघडतील, बसही दोन तास उशिरा येतील. बस्स. फोन, टेक्स्ट आणि ईमेल, तिन्हीकडे तेच शब्द. इतकं स्वच्छ लिहिणारं कोणीतरी त्या ऑफिसात आहे. त्याच माणसाने नोव्हेंबरचंही पत्र लिहावं, एवढंच माझं मागणं आहे. पहिल्या ओळीत तारीख आणि सुटण्याची वेळ, दुसऱ्या ओळीत बस किती वाजता येईल. आभार आणि अभिनंदन त्याच्या खाली कितीही लिहा.

त्यानंतर मी स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचे निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या, मीटिंगांना जायला लागले. आमच्या राज्यात बहुतेक ठिकाणी बोर्डावर नऊ निवडून आलेले सदस्य असतात, बिनपगारी. दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत येऊन बसतात, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 1975 च्या कायद्याने या सभा सगळ्यांसाठी खुल्या आहेत, साधारणपणे 48 तास आधी सूचना द्यावी लागते, आणि नागरिकांना बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो. आमच्याकडे माणशी तीन मिनिटं मिळतात. पहिल्या मीटिंगला प्रेक्षकांत आम्ही चारच जण होतो.

मार्चच्या अजेंड्यात साठेक पानांच्या मध्ये एक ओळ होती, 'नॉन-मँडेटेड ट्रान्सपोर्टेशन'चा आढावा. माझ्याही डोळ्यांखालून ती गेली आणि मी पान उलटलं. मे महिन्यात कळलं की ती आमची बस होती. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा जास्त लांब असेल तरच डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते. हायस्कूलला ही मर्यादा अडीच मैल. त्याच्या आतल्या मुलांना मिळते ती 'कर्टसी बस', म्हणजे डिस्ट्रिक्टने आपण होऊन दिलेली. आमचं घर एक पूर्णांक चार मैलांवर. पुढच्या वर्षापासून या बसला पैसे भरावे लागणार होते.

बजेटच्या सुनावणीला लायब्ररी भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. वेअरहाउसचा बिल्ला अजून गळ्यात असलेले एक गृहस्थ माइकसमोर आले. इंग्रजी अडखळत होतं, हात थरथरत होते. ते म्हणाले, मी आणि बायको दोघंही पहाटे निघतो, हे मला मार्चमध्ये कळलं असतं तर मी मार्चमध्ये आलो असतो. बोर्डातल्या एका बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, की या विषयावर दोन खुल्या सभांमध्ये चर्चा झाली आहे. तेही खरंच होतं. दोघांचंही खरं असताना ते गृहस्थ रिकाम्या हाताने परत गेले, हे मला अजून टोचतं. बस पैसे भरूनच मिळाली. आम्हाला ते जमलं, सगळ्यांना जमलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक मीटिंगनंतर मी आमच्या कॉलनीतल्या पालकांसाठी एक छोटा निरोप मराठीत लिहिते. खालच्या मजल्यावरची तेलुगू मैत्रीण तो तिच्या लोकांसाठी लिहून घेते. काय बदलणार, कोणत्या इयत्तेसाठी, कधीपासून, शेवटचं मतदान कधी आणि कोणाला विचारायचं, बाकी काही नाही. धोरण बदलायचं असलं की बोर्ड ते बहुतेक वेळा आधी 'फर्स्ट रीडिंग'ला ठेवतं आणि पुढच्या सभेत 'सेकंड रीडिंग'ला मंजूर करतं. बोलायचं असेल तर या दोहोंच्या मधे बोलायचं, हे मी दर वेळी ठळक अक्षरांत लिहिते. मंजुरीनंतर आलेला राग कितीही रास्त असला तरी तोवर मतं पडून गेलेली असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना कळकळीने सांगायची आहे. शाळेत नाव घालताना घरच्या भाषेची प्रश्नावली भरून घेतात. मराठी लिहिलं तर पोराला ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांच्या, वर्गात टाकतील, या भीतीने आपल्यातले बरेच जण 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. अहो, नुसत्या त्या फॉर्मवरून मुलाला कुठे टाकत नाहीत. आधी त्याचं इंग्रजी तपासतात. आणि शाळेने घराशी कोणत्या भाषेत बोलावं, हा वेगळाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर फक्त आपल्यापुरतं नसतं, घरातलं कोण स्टॉपवर उभं राहतं हे बघून द्यायचं असतं.

अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना राष्ट्रीय मुळावरून भेदभाव करायला बंदी केली. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी विद्यार्थ्यांच्या खटल्यात, लाऊ विरुद्ध निकोल्समध्ये, सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचा आधार घेऊन भाषेची अडचण दूर करण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. इंग्रजी न येणाऱ्या पालकांना महत्त्वाची माहिती कळेल अशा भाषेत मागण्याचा आधार त्यातूनच मिळतो. दुभाष्याचे पैसे आपण द्यायचे नसतात. आणि पोरालाच मधे बसवून "टीचर काय म्हणते सांग" हे तर करूच नये. आपल्याबद्दलची तक्रार सहा वर्षांचं मूल कसं सांगणार?

यंदा मी ऑफिसला पत्र लिहून घरची भाषा बदलून घेतली आणि पालकसभेसाठी मराठी दुभाषी मागितला. आईंना सोबत नेलं. टीचरने टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला, आणि पलीकडून एक बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "नमस्कार, बोला." आई दचकल्या, पदर सारखा केला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. टीचर वाचनाबद्दल बोलल्या, गणिताबद्दल बोलल्या. मग आईंना काही विचारायचं आहे का, म्हणाल्या.

आईंनी विचारलं, "ह्याची बस लवकर येणार असेल तेव्हा मला कोण सांगणार?"

फोनवरच्या बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. टीचर थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून एकेक तारीख बघत जूनपर्यंतच्या सगळ्या दिवसांची यादी केली, आणि प्रत्येक तारखेपुढे मोठ्या आकड्यांत बसची वेळ लिहिली. तो कागद आमच्या फ्रिजवर आहे. एकेक दिवस झाला की आई त्यावर पेन्सिलने रेघ मारतात.