आबांची दुनळी माझ्या नावावर झाली, त्याची गोष्ट

आबांचं तेरावं झालं आणि पोलीस पाटलांनी विचारलं, "बंदुकीचं काय करताय?" राधानगरीकडच्या आमच्या रानात डुकरं हाकलायला घेतलेली ती बारा बोअरची दुनळी. परवाना आबांचा, त्यामुळं ते गेल्यावर घरात ठेवणं बेकायदा. ठाण्यात जमा करून पावती घेतली. पावतीवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी तिथंच ताडून बघा. माझ्या पावतीत एक आकडा चुकला होता, दोन हेलपाटे पडले.

पुढं कोल्हापूरला जिल्हाधिकारी कचेरी. वारस म्हणून अर्ज, बहिणींची ना हरकत, पोलिसांचा अहवाल... ते होतं हळूहळू. खरं तर सत्तरी झाली किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, की परवाना हयातीतच वारसाच्या नावे करता येतो. आबा दोन्हींत बसत होते!

२०१६ च्या शस्त्र नियमांमुळं सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. शिकवायला एक निवृत्त सुभेदार. बंदूक हातात देऊन म्हणाले, "रिकामी आहे?"

"हो."

"बघितलीस?"

"तुम्हीच दिली की, साहेब."

बंदूक काढून घेतली. पुन्हा दिली. असं चारदा. पाचव्यांदा मी न बोलता नळी मोडली, म्हणजे खाली वाकवून उघडली, काडतुसांच्या दोन्ही घरांत डोकावलो, तेव्हा कुठं मान हलवली. चापावर बोट आधीच जायचं, त्यावर हातावर चापट. आणि उसात बार टाकण्याआधी फडापलीकडं कोण आहे, हा प्रश्न तर मला कधी पडलाच नव्हता. वरातीत आबा हवेत बार काढायचे, तेही मी सांगितलं. म्हणाले, आता २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्या रात्री जुना अल्बम काढला. खंडेनवमीचा फोटो: दहा वर्षांचा मी, कपाळाला कुंकू, बोट चापावर आणि नळी थेट चुलतभावाच्या कानाशी. मागं आबा हसताहेत.

परवाना आला, पाच वर्षांचा. बंदूक एका लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, दोन्ही किल्ल्या माझ्या करगोट्याला. बायको अजून धुसफुसते.

यंदा खंडेनवमीला नळी मोडूनच पाटावर ठेवली, झेंडू वाहिला. भाच्याला बंदूक हातात घेऊन फोटो हवा होता. शेवटी पाटाशेजारी मांडी घालून, गाल फुगवून बसला. तसाच काढला.