नव्या पीसीला डिस्प्ले नाही? आधी भिंतीतला सॉकेट बघा

नवा पीसी जोडला, बटण दाबलं, पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले आणि मॉनिटरवर आलं ‘नो सिग्नल’. यावर ठरलेलं निदान असतं: मदरबोर्ड गेला. खरं तर बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. एखादी केबल अर्धवट बसलेली असते, नाहीतर रॅम चुकीच्या स्लॉटमध्ये असते. म्हणून पार्ट बदलायला धावण्याआधी क्रमानं तपासायचं. आपल्या मराठवाड्यात हा क्रम कॅबिनेट उघडण्याच्याही आधी सुरू होतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) आतल्या फिल्टरचे कपॅसिटर किंचित करंट बॉडीकडे सोडतात. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर बॉडीवर ११०-११५ व्होल्ट उभे राहतात. काळ्या रानातल्या घरांमध्ये हे एप्रिल-मेमध्ये हमखास होतं. माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग नावापुरतं उरतं. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत दिसायला हवं. मीटर कधीकधी फसवतो, कारण तो करंट जवळपास ओढतच नाही. वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघितला तर खरं कळतं: मिणमिणला तर अर्थिंग कच्चं. घरच्या विजेच्या बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो पडणारच. खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओतलं तरी फरक दिसतो. आणि थ्री-पिनची अर्थिंगची जाड पिन कापून टू-पिनमध्ये घालायचा उद्योग कृपा करून करू नका.

इन्व्हर्टरचंही बघून घ्या. लाईट गेली की पीसी रीस्टार्ट होतो, यात पीसीचा दोष नसतो. पूर्ण लोडवर एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो आणि साध्या मोडवरच्या इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर करा. विंडोज टाकताना किंवा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करताना मात्र एवढ्यावर विसंबू नका, वेगळा यूपीएस लावा. अर्धवट बायोसनं बोर्ड खरोखरच जाऊ शकतो.

आता कॅबिनेट उघडा. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत आलेल्या मशीनमध्ये रॅम आणि ग्राफिक्स कार्ड हलणारच, दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. रॅम बसताना कट् असा आवाज यायला हवा. जुन्या रॅमला खोडरबर घासायची आपली पद्धत नव्या रॅमला लागत नाही. चार स्लॉट असतील आणि रॅम दोन, तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

मग पॉवर केबल. २४ पिनची मोठी केबल सगळे लावतात, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची प्रोसेसरची केबल विसरतात. ती नसली तरी पंखे फिरतात, म्हणून माणूस फसतो. ग्राफिक्स कार्डची ८ पिनची केबल दिसायला तशीच असली तरी वायरिंग उलटं असतं, जोर लावून घालू नका. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्यातच हवी. आय५-१२४००एफ सारख्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये किंवा रायझन ५ ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, तिथं बोर्डाच्या एचडीएमआयमधून काही यायचं नाही.

बहुतेक नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोजची डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहिला, तिथं गाडी अडली. डीरॅमचा दिवा लागलाय आणि रॅम डीडीआर५ असेल तर आधी हात बांधून बसा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं काळा स्क्रीन राहतो. घाईनं बटण दाबून बंद केलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही तर एकच रॅम ठेवून बघा आणि बोर्डाची गोल सीआर२०३२ बॅटरी, वीज बंद करून, पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ पदावर येतात. तरीही नाही, तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर, बास. आतलं ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावा. इथं चालला तर दोष कॅबिनेटमध्ये आहे: बहुधा बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा स्क्रूचा खांब) नको तिथं राहून शॉर्ट करतोय.

डिस्प्ले आला की विंडोज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं नव्या मशीनवर ११ च टाका. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी बायोसमध्ये चालू हव्यात. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा. विंडोजची फाइल ५ जीबीच्या वर जाते, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती उतरवायचा हट्ट नको. तालुक्याला जिथं फायबर असेल तिथून आणा.

बूट मेन्यूत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ‘यूईएफआय’ लिहिलेलं निवडा. बाकीच्या डिस्कच्या केबल आधीच काढा, नाहीतर बूटची फाइल जुन्या हार्ड डिस्कवर जाऊन बसते आणि ती काढली की विंडोज उठत नाही. डिस्कवर ‘एमबीआर’ (डिस्कची जुनी मांडणी) असल्याची तक्रार आली तर शिफ्ट-एफ१० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट चालवून डिस्क निवडायची, क्लीन करायची आणि जीपीटी (नवी मांडणी) करायची. क्लीन म्हणजे सगळा डेटा साफ, तेव्हा डिस्कचा आकार वाचून मगच एंटर.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढं कधीकधी एसएसडी यादीतच दिसत नाही. तिथं व्हीएमडी (एसएसडी सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतो. बायोसमधून तो आत्ताच बंद करा किंवा आरएसटीचा (त्याच सोयीचा इंटेलचा) ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उलगडून ‘लोड ड्रायव्हर’ला दाखवा. विंडोज बसल्यावर बंद केलात तर निळा स्क्रीन येईल. पहिल्या रीस्टार्टला पुन्हा सुरुवातीचाच सेटअप दिसला तर घाबरू नका, पेन ड्राइव्ह काढून घ्या.

पुढं विंडोज इंटरनेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर तर नसतो. अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच चालतं. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेलं) करणं, नाहीतर अपडेट तासाभरात दिवसाचा पॅक खाऊन टाकतं. ड्रायव्हर टाकताना आधी चिपसेट, मग लॅन-वायफाय, शेवटी ग्राफिक्स.

रॅमचा एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम पूर्ण वेगानं चालवणारी बायोसमधली सेटिंग) हे सगळं झाल्यावरच चालू करा, आणि मग रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवा. एकही एरर आली तर स्पीड एक पायरी खाली आणा. ही चाचणी पंखा बंद असलेल्या, पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पास झाली तर वर्षभर निवांत.