आमची वाटचाल : अंगठा चावणारी बंदूक

बंदूक दुरुस्तीचं दुकान सुरू होऊन दोनच महिने झाले होते. एका बँकेचे सुरक्षारक्षक आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उजव्या अंगठ्याचा सांधा आखडलेला. बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक, टेबलावर ठेवली, रिकामी असल्याची मला खात्री करून दिली आणि म्हणाले, "बाळ, ही बंदूक अंगठा चावते. तेवढं बघ."

आमच्या धंद्याला दिशा मिळाली ती या वाक्यानं.

वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवायचे. माझा हातही तिथंच बसला. पण बंदुकीचं काम म्हणजे नुसतं मशिनिंग नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. अर्ज, पोलीस चौकशी, जागेची पाहणी, तिजोरी, प्रत्येक बंदुकीची रजिस्टरला नोंद. हे सगळं होईपर्यंत वडिलांच्या पगारावर घर चाललं, हे इथं लिहून ठेवलंच पाहिजे.

हवालदारांच्या बंदुकीकडे वळतो. पंप अ‍ॅक्शनमध्ये काडतूस खालच्या तोंडातून मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळीत ढकलावं लागतं. समोरून स्प्रिंग रेटत असते. काडतूस पूर्ण आत गेलं की लॅच, म्हणजे बारीक खिट्टी, 'टक' करून त्याची कड धरतो. त्याआधी बोट ढिलं पडलं तर काडतूस उलटं बाहेर येतं, आणि बोट काढताना लिफ्टरची, म्हणजे काडतूस वर उचलणारी, पट्टी व तोंडाची कड यांमध्ये अंगठा चिमटतो. तरण्या हाताला याचं काही वाटत नाही. साठीच्या हाताला रक्त येतं.

मी उत्साहाच्या भरात कडा घासल्या आणि लॅचवरही कानस चालवली. काडतूस लोण्यासारखं आत जायला लागलं. आठवड्यानं हवालदार परत आले. लॅच काडतूस धरतच नव्हता. एकामागून दुसरंही निसटून लिफ्टरखाली अडकायचं. बँकेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची बंदूक मी निकामी करून दिली होती. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. नवा लॅच माझ्या खर्चानं बसवला.

तेव्हापासून लॅचला कानस लावत नाही. तोंडाच्या कडांची फक्त धार मारतो, लिफ्टरच्या टोकाची धार काढतो, मग चारशे आणि आठशेचा पॉलिश पेपर. पुष्कळदा दोष कडेचा नसतोच. नळीत गंज आणि जुन्या तेलाचा चिकटा साठून स्प्रिंग अडकत असते, साफ केली की निम्मं काम होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं शक्तिमान काडतूस मोजून वडिलांनी लेथवर नायलॉनची खोटी काडतुसं, म्हणजे डमी, करून दिली. त्या डमींनी पन्नास वेळा भरून-काढून पाहिल्याशिवाय बंदूक दुकानाबाहेर जात नाही. जिवंत काडतुसावर चाचणी टेबलावर कधीच नाही.

परदेशात स्पर्धेतले नेमबाज सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या, शॉटगनचं हे तोंड चांगलं रुंद करून घेतात, लिफ्टरही वेल्डिंग करून वाढवतात. चार-चार काडतुसं एका हाताच्या झटक्यात भरायची असतात त्यांना. आपल्याकडच्या साध्या परवान्यावर ती बंदूक मिळत नाही, आणि आमच्या गिऱ्हाइकाला इतकी घाईही नाही. त्याला फक्त अंगठा वाचवायचा असतो.

सोपं भरण्यावरून एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जुन्या घराण्यांतून येणाऱ्या काही इंग्लिश दुनळींचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, 65 मिलिमीटरचं असतं. 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात अलगद बसतं, कारण ती लांबी काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडल्यानंतरची आहे; न उडवलेलं काडतूस आखूड असतं. बार उडताना मात्र काडतुसाचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. "आत जातंय की," असं म्हणत हट्टाला पेटलेली माणसं मी पाहिली आहेत. अशी दुनळी आली की आधी चेंबर मोजतो, मग चहा सांगतो.

बंदुकीची नळी आखूड करून द्या म्हणणारेही येतात. त्यासाठीच्या वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. त्यांना दारातूनच परत पाठवतो. त्यात गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

आज आम्ही तिघं आहोत. ऊसपट्ट्यातल्या साखर कारखान्यांचे रक्षक येतात, घाटाखालून बागायतदार येतात. निवडणुकीत जमा केलेल्या बंदुका परत मिळाल्या की महिनाभर नुसती गंज काढण्याची कामं असतात. वडिलांचं वय झालं, तरी डमी तेच करतात.

हवालदारांनी गेल्या महिन्यात एका नव्या रक्षकाला पाठवलं. तो डावखुरा आहे. त्याच्या अंगठ्याला वेगळीच कड लागते, जिचा मी इतक्या वर्षांत विचार केला नव्हता. त्याची बंदूक रजिस्टरला नोंदवून तिजोरीत ठेवली आहे. सोमवारी त्याला समोर बसवून, डमी त्याच्याच हातात देऊन, नेमकं कुठं लागतंय ते बघणार आहे.